अनुभव धागा : पहाटेची सायकल आणि पोलिसांची शिट्टी

मेहरूणकाठ
गेल्या रविवारी पोलिसांनीच आयोजित केलेल्या सायकल फेरीत मी सहभागी झालो होतो. पांढरे टी-शर्ट वाटले गेले, केळी वाटली गेली, झेंडा दाखवण्यात आला आणि सुरुवातीची शिट्टी वाजली. सगळे पुढे निघाले, माझा हात मात्र ब्रेकवर गेला. त्या शिट्टीने २०१९ चा मे महिना आठवला, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो हे इथे कोणाला सांगायला नको. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आमचा गट पहाटे साडेचारलाच जळगावातून निघतो. त्या दिवशी आम्ही अकरा जण तापी ओलांडून मनुदेवीकडे जाणार होतो. वाटेत रात्रीची गस्त संपवून परतणारी एक जीप आडवी आली. आमचे पुढचे दिवे लुकलुकत होते, आणि तेवढ्यावरून आम्ही वाळूच्या डंपरवाल्यांना इशारे देतो आहोत असा त्यांचा समज झाला. "कथा चालनात रे भो इतला जण?" (कुठे चाललात रे एवढे जण?) असा पहिला प्रश्न आला. देवीला, असे उत्तर दिले तर ते कोणालाच पटले नाही, कारण डोक्याला हेल्मेट आणि अंगात अर्धी विजार घालून देवीला कोण जाते?

शेवटी सगळ्यांच्या चाकांतील हवा सोडण्याचा हुकूम निघाला. आमच्या सायकलींचे वॉल्व्ह बारीक, विदेशी पद्धतीचे होते. शिपायाने वॉल्व्हची टोपी काढली, नखाने दाबून पाहिले, फुंकरही मारून पाहिली, पण हवा जाईना. तेव्हा आमच्यातलाच एक जण केवळ सवयीने म्हणाला, "साहेब, आधी वरचा छोटा नट सैल करा, मग दाबा." त्या वाक्यावर दहा जणांनी त्याच्याकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना करावी. दोन सायकली झाल्यावर शिपायाला कंटाळा आला आणि आम्ही सुटलो. पंप एकच होता. हवा भरून होईपर्यंत उजाडले आणि मनुदेवी राहिली.

तुमचे असे काही अनुभव असतील तर अवश्य लिहावेत.

जुना बिल्ला
हवा सोडण्याची ही परंपरा आपल्या हेल्मेटापेक्षा बरीच जुनी आहे. आमच्या तरुणपणी सायकलला नगरपालिकेचा कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळत असे. बिल्ला नसणे, रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे हे तीन मोठे गुन्हे होते. सिनेमाचा दुसरा खेळ पाहून आम्ही सहा-सात जण एकदम परतत असू. चौकात पोलीस दिसला की मागे बसलेले सगळे एकाच वेळी उड्या मारून, जणू जन्मापासून पायीच चालत आहोत अशा चेहऱ्याने फुटपाथला लागत. सापडलेल्याच्या वॉल्व्हमधील रबरी नळी पोलिसाच्या खिशात जायची. ती पाच पैशांची वस्तू होती, परंतु रात्री साडेबाराला कोणते दुकान उघडे असणार? त्यामुळे धाग्यात वर्णिलेल्या शिपायाविषयी मला थोडी सहानुभूतीच वाटली. बिचाऱ्याच्या काळात तंत्रज्ञान बदलले.

भरीत पार्टी
नट सैल करायला सांगणाऱ्या त्या महाभागाचे पुढे काय झाले, हे लिहायचे राहिले आहे.

मेहरूणकाठ
@भरीत पार्टी, त्यानंतर सलग चार रविवार चहा-पोह्यांचे पैसे त्यानेच दिले.

लळिंग ते लळिंग
माझा अनुभव भांडणाचा नाही, परंतु होता होता राहिलेल्या भांडणाचा आहे. धुळ्याहून निघालेल्या आमच्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ही ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, यात साडेतेरा तासांत अंतर पूर्ण करावे लागते) नाकाबंदीवर थांबण्याचा इशारा झाला. मी नवे क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट घातले होते. थांबलो खरा, पण पाय पेडलमधून सुटेना, आणि मी सायकलसकट, अतिशय सावकाश, हवालदारांच्या पायांवर आडवा झालो. मागून येणाऱ्या मित्राला वाटले की मला ढकलले, आणि तो आरडाओरडा करतच उतरला. हवालदारांना वाटले की मी प्यायलो आहे. त्यांनी खाली वाकून माझा वास घेतला. पाय सोडवून दाखवेपर्यंत दोन्ही बाजूंनी आवाज बराच चढला होता. आमच्या अंगावर चकाकणारी जॅकेटे होती, दिवे होते, हातात ब्रेव्हेचे कार्ड होते. मात्र ते कार्ड कशाचे, हे समजावून सांगण्यातच माझी वीस मिनिटे गेली, आणि ब्रेव्हेत वीस मिनिटे म्हणजे काय हे जाणकारांना ठाऊक आहे.

शहादेकर ताई
आमच्या गटात आम्ही तिघी आहोत. अडवल्यावर पुरुषांना "कुठे चालले" असे विचारतात आणि आम्हाला "ताई, घरी माहीत आहे का?" असे विचारतात. माझे वय ४६ आहे. एकदा मी सांगितले की घरी माहीत आहे, कारण घरचे मागच्या सायकलवर आहेत. साहेबांनी मागे वळून यजमानांनाच विचारले, "तुमची परवानगी आहे ना?" हेतू काळजीचाच होता हे मला मान्य आहे, पण पहाटे पाचला अशी काळजी पचत नाही. आता पोळ्या टाकायच्या आहेत, उरलेले नंतर लिहीन.

पेन्शनर खाकी
मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे, तेव्हा दुसरी बाजूही ऐकावी. रात्रपाळीच्या शेवटच्या दोन तासांत माणूस कसा झालेला असतो ते बाहेरच्याला कळत नाही. त्या वेळी अंधारात दहा-पंधरा जण रस्ता भरून, गप्पा मारत, तोंडाला फडकी बांधून येताना दिसले, तर आधी शंका येते आणि सायकली नंतर दिसतात. दुसरे असे की महामार्गावर सायकलस्वाराला उडवून गेलेल्या वाहनाचे पंचनामे मी स्वतः केले आहेत. वाकलेले चाक एका बाजूला आणि चप्पल चाळीस पावलांवर, हे एकदा पाहिले की समोर जोडी-जोडीने चाललेला गट दिसताच आवाज आपोआप चढतो. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा आदेश लागू असेल, तर पाच किंवा अधिक जणांच्या एकत्र येण्याकडे आम्हाला लक्ष द्यावेच लागते. हवा सोडण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. तो अधिकार कोणत्याही कलमात नाही, तो फक्त सोपा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आदल्या दिवशी ठाण्यात दोन ओळींचे पत्र द्यावे.

तारीख पे तारीख नको
काकांचा आदर राखून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सायकल हे मोटार वाहनच नाही, त्यामुळे परवाना वा नोंदणी यांचा प्रश्न येत नाही. कलम ३७ चा आदेशही कायमचा नसतो. शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. सूचना देणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. आज आपण सौजन्य म्हणून सूचना दिली की उद्या तीच परवानगी ठरते, आणि परवा ती नाकारताही येते.

मेहरूणकाठ
वकीलसाहेबांनी नेमके दुखणे सांगितले. त्या प्रसंगानंतर आम्ही पत्र देऊ लागलो. आवक क्रमांक आणि गोल शिक्का असलेली प्रत मी प्लास्टिकमध्ये घालून जवळ ठेवत असे. महिनाभर कोणी अडवले नाही. मग एका रविवारी आम्ही चौघेच सहज निघालो, तर ओळखीच्याच शिपायाने हात दाखवला आणि विचारले, "आज पत्र कुठे आहे?"

शिरपूरचा परदेशी
मी आता न्यू जर्सीत राहतो. सान फ्रान्सिस्कोत १९९२ मध्ये 'क्रिटिकल मास' नावाच्या सामूहिक फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्यांचा मुद्दाच असा होता की कोणी आयोजक नाही, म्हणून परवानगी मागणारा कोणी नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २००४ च्या फेरीत अडीचशेहून अधिक सायकलस्वारांना अटक झाली. २००८ मध्ये तिथल्याच एका पोलिसाने चालत्या सायकलवरून एकाला ढकलून पाडले आणि उलट त्याच्यावरच गुन्हा नोंदवला, परंतु कोणीतरी ते चित्रित केले होते. तो पोलीस हल्ल्याच्या आरोपातून सुटला, पण खोटी तक्रार लिहिल्याबद्दल २०१० मध्ये दोषी ठरला. पत्राचा वाद तिथेही हाच आहे, फक्त वांग्याचे भरीत नाही.

दूधवाल्याचा पोरगा
सगळ्यांचे वाचले. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो. माझे वडील तीस वर्षे काळ्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून पहाटे गावातून शहरात दूध घालत. दिवा नाही, हेल्मेट नाही, आणि रस्त्याने एकाच वेळी असे आठ-दहा दूधवाले, म्हणजे तोही एक गटच होता. २०२० च्या टाळेबंदीत दूध चालू होते, तरी कागद दाखवेपर्यंत वडिलांच्या पिंढरीवर काठी पडली. काठी चुकवताना कॅन कलंडला आणि दूध डांबरावरून नालीकडे वाहत गेले. वडील ओरडले नाहीत. त्यांनी खाली वाकून झाकण शोधले, शर्टाने पुसले आणि उरलेले दूध घालायला निघून गेले. त्यांना कोणी "साहेब, नट सैल करा" असे म्हणण्याइतकी ओळखच नव्हती. आज मी स्वतः महागडी सायकल चालवतो आणि मला अडवल्यावर बहुतेक वेळा "सर" म्हणतात. प्रत्येक वेळी मला तो कॅन दिसतो.

पेन्शनर खाकी
भाऊ, वाचले. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांना नमस्कार सांगावा.

दूधवाल्याचा पोरगा
सांगतो, काका. अजून चालवतात, आता फक्त देवळापर्यंत.

शहादेकर ताई
पोळ्या झाल्या. परत येऊन पाहते तर धागा कुठल्या कुठे गेला आहे. पोरगा भाऊ, डोळे भरून आले. पुढच्या वेळी माझ्या परवानगीचा प्रश्न आला तर मी "आवक क्रमांक लिहून घ्या" असे सांगणार आहे.

भरीत पार्टी
येत्या रविवारी पद्मालयला जायचे ठरले आहे ना? आपण नऊ जण आहोत. पत्र दिले आहे की नाही?

मेहरूणकाठ
दिलेले नाही. पाच वाजता निघू, एका ओळीत चालू, आणि प्रत्येकाने आपापला पंप आणावा.