ट्रंप की हॅरिस? छोट्या धंद्यासाठी तातडीने मदत हवी आहे (ऑक्टोबर २०२४)

एडिसनचा_वाणी: नमस्कार मंडळी, हा राजकारणाचा धागा नाही हे आधीच सांगतो. ५ नोव्हेंबरला अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि माझा सप्लायर ऑक्टोबर संपायच्या आत अ‍ॅडव्हान्स मागतोय. एक मित्र म्हणतो हॅरिस आली की टॅक्स २८ टक्के, दुसरा म्हणतो ट्रंप आला तर माल परवडणार नाही. मी आणि बायको दोघंच बघतो सगळं. ऑर्डर देऊ का थांबू? प्लीज लवकर, आणि 'दोघंही सारखेच' छाप उत्तरं नकोत.

कोरडा_हिशोब: अहो पण धंदा कसला? माल कुठून येतो? कंपनीचा प्रकार कुठला, एलएलसी आहे का सी-कॉर्प? काहीच न सांगता 'लवकर सांगा' म्हणे.

पिंपळपान: नवीन धंद्याला हॅरिस ५० हजार डॉलरपर्यंत वजावट देणार आहे, सध्या फक्त ५ हजार आहे. डोळे झाकून तिला मत द्या.

कोरडा_हिशोब: ती सुरुवातीच्या खर्चासाठी आहे हो. यांचा धंदा चालू दिसतोय, यांना काय उपयोग?

एडिसनचा_वाणी: सॉरी, मला वाटलं नावावरून कळेल. पूजेचं सामान, समया, तोरणं, गणपतीचं डेकोरेशन, लाइटच्या माळा. ऑनलाइन आणि मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल. आणि एलएलसी आहे.

कोरडा_हिशोब: मग ते २८ टक्के डोक्यातून काढा. तो कॉर्पोरेट टॅक्स, आता २१ आहे, सी-कॉर्पला लागतो. तुम्ही वेगळा पर्याय निवडला नसेल तर एलएलसीचा नफा सरळ तुमच्या पर्सनल रिटर्नमध्ये येतो. तुम्ही बघायची गोष्ट म्हणजे २०१७ च्या कायद्यातली धंद्याच्या नफ्यावरची २० टक्के वजावट, ती २०२५ संपताना संपतेय. ती वाढवायची की नाही हे काँग्रेस (इथली संसद) ठरवणार, एकटा राष्ट्राध्यक्ष नाही. टॅरिफचं, म्हणजे आयात मालावरच्या शुल्काचं तसं नाही, तिथे राष्ट्राध्यक्षाच्या हातात बरंच असतं. पण माल कुठला ते अजून सांगितलंच नाहीत!

नाना_डॅलस: टॅरिफ चीन भरणार, आपल्याला काय त्याचं? उगाच घाबरवू नका लोकांना.

गोदीवाला: नाना, मी रोज हेच काम करतो. पोर्टवर बिल इम्पोर्टरच्या नावाने फाटतं. चीनवाला भाव थोडा कमी करेल न करेल, पण कस्टम्सला पैसे इथल्यानेच भरायचे.

नाना_डॅलस: २०१८ मध्ये पण हीच बोंब होती, काही झालं नाही.

गोदीवाला: झालं नाही? तेव्हाचं चिनी मालावरचं ७.५ आणि २५ टक्के शुल्क अजून चालू आहे, बायडनने काढलं नाही. आता ट्रंप चीनवर ६० आणि बाकी सगळ्यांवर १० ते २० म्हणतोय.

एडिसनचा_वाणी: समया मुरादाबादहून, माळा आणि डेकोरेशन चीनहून. थेट येतं.

गोदीवाला: मग आता ऐका. ड्युटी ऑर्डरच्या तारखेवर नाही, माल इथे एंट्री होताना जो दर असेल त्यावर लागते. म्हणजे आत्ता अ‍ॅडव्हान्स दिला आणि कंटेनर उन्हाळ्यात आला तर काही वाचलं नाही. लागते ती इन्व्हॉइसच्या किमतीवर, तुम्ही विकता त्या किमतीवर नाही. एक डॉलरची माळ चारला विकत असाल तर ६० टक्के म्हणजे नगामागे ६० सेंट जास्त. ते झेपतं का बघा. मागच्या वेळी ट्रंपच्या काळात चीनवरची चौकशी ऑगस्ट २०१७ ला सुरू झाली आणि पहिलं शुल्क जुलै २०१८ ला लागलं, पण या वेळी तेवढा वेळ मिळेलच असं धरून चालू नका. चीनचा न नासणारा माल २० जानेवारीच्या, म्हणजे नव्या अध्यक्षाच्या शपथविधीच्या आत उतरवता आला तर उतरवा, समयांची एवढी घाई नको.

सुगरण_सिएटल: मी तर ८०० डॉलरच्या आत मागवते, कस्टम लागतच नाही. तुकडे करून मागवा.

गोदीवाला: ताई, एकच धंद्याची ऑर्डर मुद्दाम फोडली तर पकडतात. आणि ती सवलत आवळायचं सरकारने सप्टेंबरमध्येच जाहीर केलंय.

पुणेरी_बफेलो: हे सगळं ठीक, पण ट्रंप आला तर एचवनबी व्हिसाचं काय? माझ्या भाच्याचं एक्स्टेन्शन अडकलंय.

कोरडा_हिशोब: त्यासाठी वेगळा धागा काढा की राव.

नाना_डॅलस: चार वर्षं सगळं महाग झालं त्यावर कोणी बोलत नाही. चालू द्या.

एडिसनचा_वाणी: माळा जानेवारीच्या आत पाठव म्हणून विचारलं तर सप्लायर म्हणतो विमानाने पाठवतो, भाडं तुमचं. ते ६० टक्क्यांच्या वर जातंय!! आता निम्म्याच माळा समुद्रमार्गे मागवाव्या म्हणतोय. हे बरोबर आहे का?

गोदीवाला: बरोबर. फक्त कस्टम्स ब्रोकरला आजच एचएस कोड (ज्यावरून ड्युटीचा दर ठरतो तो मालाचा नंबर) विचारा, प्रत्येक वस्तूचा वेगळा.

सुगरण_सिएटल: समई किती इंची आहे? आणि सिएटलला पाठवता का?

एडिसनचा_वाणी: व्यनि (खाजगी निरोप) केलाय.