बिअरवाला महापौर: अ‍ॅडलेडचे एडविन स्मिथ

'ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींतले बिअर कारखानदार राजकारणात आले ते फक्त दारूचे परवाने आणि अबकारी कर सांभाळायला,' असं काही जण म्हणतात. काही ठिकाणी असेलही, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातले एडविन थॉमस स्मिथ बघा. इंग्लंडमधल्या वॉल्सॉलचा हा माणूस १८५३ मध्ये अ‍ॅडलेडला आला आणि केंट टाउन ब्रुअरी या बिअर कारखान्यावर मोठा झाला. राजकारणाची सुरुवात मात्र थेट विधानसभेतून नाही, तर केन्सिंग्टन-नॉरवुड या उपनगराच्या महापौरपदापासून. १८७१ मध्ये ते आमदार झाले, पुढे १८७९ ते १८८२ आणि पुन्हा १८८६ ते १८८८ अ‍ॅडलेडचे महापौर. १८७८ मध्ये केन्सिंग्टन ते अ‍ॅडलेड घोड्यांची ट्राम सुरू झाली, त्यातही पुढाकार त्यांचाच. परवान्यांचा याच्याशी काय संबंध?

मी अ‍ॅडलेडला दोन वर्षं होतो. व्हिक्टोरिया चौकातल्या राणीच्या पुतळ्यापाशी रोज ट्रामची वाट बघायचो. तो पुतळा १८९४ मध्ये स्मिथ यांनी शहराला भेट दिलेला, हे फार उशिरा कळलं आणि खरंच भारावून गेलो. आणि आपण पहाटे उठून जिथल्या कसोटी बघतो, त्या अ‍ॅडलेड ओव्हलच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या स्टँडलाही त्यांचंच नाव होतं.