‘पॅलेट’ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: सब्स्ट्रेट या ब्लॉकचेन बांधायच्या साधनसंचाच्या मार्गदर्शिकेचं भाषांतर चाललंय. मसुद्यात ‘पॅलेट’ची ‘रंगपाटी’ झाली आहे. इंग्रजीतले pallet आणि palette देवनागरीत सारखेच दिसतात, म्हणून हा घोळ. इथला पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी फळी: शिल्लक, मतदान, खजिना असा एकेक तयार भाग रनटाइममध्ये, म्हणजे साखळीचे नियम चालवणाऱ्या कोडमध्ये, बसवायचा. ‘घटक’ चालेल?

उंबरठा: ‘घटक’ फार ढिला. पॅलेटमध्ये साठवण, बाहेरून करायच्या क्रिया, घटना, चुका असं सगळं एकत्र असतं. ‘पॅलेट’च ठेवा. टेबल पचलं, हेही पचेल.

कोरीव: पचतं म्हणून सगळंच गिळायचं का? कॉसमॉस एसडीके या तशाच दुसऱ्या साधनसंचातल्या ‘कीपर’चा ‘रक्षक’ करतात, तेही चूक. रक्षक नुसता अडवतो. कीपरकडे मॉड्यूलच्या, म्हणजे तिथल्या तयार भागाच्या, साठ्याची किल्ली असते. नोंद वाचणारा तोच, बदलणारा तोच. दुसऱ्या मॉड्यूलला कुणाची शिल्लक हवी असेल तर ती बँक मॉड्यूलच्या कीपरकडूनच मागायची, तीही इंटरफेसमध्ये लिहिलेल्या मोजक्या फंक्शनांपुरती. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कोठावळा.

शाईपेन: कोठावळा म्हणजे कोतवालच ना?

कोरीव: अजिबात नाही. कोठी ‘कोष्ठ’वरून, कोतवाल ‘कोट्टपाल’वरून. एक धान्य सांभाळतो, दुसरा किल्ला.

मोजपट्टी: शब्दामुळे खरं नुकसान ‘कन्सेन्सस’चं ‘एकमत’ केल्याने होतं. कॉसमॉसच्या साखळ्यांत ब्लॉक पक्का करणाऱ्या कॉमेटबीएफटीला सगळ्यांचं मत लागत नाही, दोन-तृतीयांशाहून जास्त मतशक्ती लागते. चाचणीला सारख्या वजनाचे 3 व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉक तपासून मत देणारी यंत्रं, लावले आणि एक बंद पडला, तर उरलेले 2 म्हणजे नेमके दोन-तृतीयांश, जास्त नव्हेत. साखळी तिथेच थांबते. 4 लावले तर एक पडूनही चालते. म्हणून ‘सहमती’ लिहा.

उंबरठा: सहमती मतांची होते, हिशोबाची नाही. गो भाषेतल्या मॅपवर, म्हणजे ठरावीक क्रम नसलेल्या यादीवर, लूप फिरवून बक्षीस वाटलं की दर यंत्रावर क्रम वेगळा. भागाकारातून उरलेला एकक प्रत्येक ठिकाणी वेगळ्याच खात्यात जातो, ॲपहॅश, म्हणजे सगळ्या नोंदींचा ठसा, जुळत नाही, साखळी अडकते. आधी पत्ते क्रमाने लावून मगच वाटप करायचं. तिथे मतभेद कुणाचाच नसतो, हिशोब जुळत नाही. ‘ताळमेळ’ म्हणा.

कोरीव: ‘मेळ’ पुरे.

शाईपेन: आणि पॅलेट?

मोजपट्टी: त्याआधी मसुद्यात ‘व्हॅलिडेटर’साठी लिहिलेलं ‘प्रमाणक’ काढा. व्हॅलिडेटर नुसतं तपासत नाही, पाळी आली की ब्लॉकही तोच मांडतो.