‘पोलर बॉडी’ला मराठीत काय म्हणावे: ध्रुवीय पिंड, ध्रुवकाय की ध्रुवपेशी?

प्रश्न : कोल्हापुरातील एका वंध्यत्व उपचार केंद्रासाठी मी मराठी माहितीपुस्तिका लिहीत आहे. डॉक्टरांच्या टिपणांत ‘पोलर बॉडी’ हा शब्द वारंवार येतो. मी ‘ध्रुवीय पिंड’ असे लिहिले, तेव्हा गडहिंग्लजहून सुनेसोबत आलेल्या एका सासूबाईंनी विचारले, “पिंड म्हणजे गर्भच की, मग तो काढून का घेता?” ‘बॉडी’ तसेच ठेवावे, तर आपल्याकडे तालमीत कमावलेले शरीर किंवा शवागारातील मृतदेह डोळ्यांपुढे येतो, आणि उपचारासाठी आलेल्या बाईच्या मनात हा दुसरा अर्थ येऊ नये, असे मला मनापासून वाटते. कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ताई, मी प्रयोगशाळेत हेच काम करतो. माझे मत ‘ध्रुवपेशी’ला आहे. स्त्रीबीज परिपक्व होताना त्यातील गुणसूत्रांचा संच निम्मा व्हावा लागतो, परंतु पुढे गर्भाला पुरवायचा अन्नसाठा निम्मा होऊन चालत नाही; म्हणून हे विभाजन मुद्दाम असमान होते, म्हणजे जवळजवळ सगळा पेशीद्रव स्त्रीबीजाकडे राहतो आणि गुणसूत्रांचा उरलेला वाटा एका इवल्याशा पेशीत बाहेर टाकला जातो. अशी पहिली पेशी बीज अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास आणि दुसरी शुक्राणू आत शिरल्यानंतर बाहेर पडते. बीजाच्या एका ध्रुवाशी ती दिसते, म्हणून ‘ध्रुव’. तिला स्वतःचे आवरण असते, गुणसूत्रे असतात, म्हणून ती पेशीच आहे. मात्र तिच्यापासून मूल होत नाही आणि काही काळाने ती आपोआप विरून जाते. सासूबाईंची शंका रास्त होती. ‘पिंड’ शब्दाने गर्भाचा भास होतो, आणि ‘काय’ने शरीराचा.

तिचा रोजचा उपयोग अगदी साधा आहे. इक्सीच्या, म्हणजे एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याच्या, दिवशी स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी काढून टाकल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाचे बीज आणि त्याचे पारदर्शक आवरण दिसते, आणि या दोहोंमधल्या फटीत एक बारीक गोळी दिसली, तर बीज तयार आहे असे आम्ही समजतो. ती नसेल, तर त्या बीजात शुक्राणू सहसा सोडत नाही. सोडताना बीज असे धरतो, की ध्रुवपेशी घड्याळातील बाराच्या किंवा सहाच्या जागी यावी आणि सुई तीनच्या बाजूने आत जावी. कारण गुणसूत्रांची नाजूक मांडणी बहुधा ध्रुवपेशीच्या जवळ असते आणि तिला सुईचा धक्का लागता कामा नये. सोळा ते अठरा तासांनी दोन प्रकेंद्रके (एक बीजाचे व एक शुक्राणूचे केंद्रक) आणि दोन ध्रुवपेशी दिसल्या, म्हणजे फलन नीट झाले.

दुसरा उपयोग तपासणीचा, म्हणजे ध्रुवपेशी काढून घेऊन तिच्यातील गुणसूत्रे पाहण्याचा. ही पद्धत शिकागोच्या युरी व्हर्लिन्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. भावाभावांच्या वाटणीत एकाच्या सातबाऱ्यावर किती गुंठे चढले हे पाहिले, की दुसऱ्याकडे किती राहिले ते कळते. तसेच ध्रुवपेशीत एखादे गुणसूत्र जास्त सापडले, तर बीजात ते कमी असणार, असा अंदाज बीजाला हात न लावता बांधता येतो. चूक दुसऱ्या विभाजनातही होऊ शकते, म्हणून दोन्ही ध्रुवपेशी पाहाव्या लागतात. जर्मनीत १९९१ पासून लागू असलेल्या भ्रूणसंरक्षण कायद्यामुळे भ्रूणाच्या तपासणीला अडचण होती, त्यामुळे तेथे ही पद्धत बरीच वापरली गेली.

पुस्तिकेत मात्र तिची भलामण करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. छत्तीस ते चाळीस वर्षे वयाच्या ३९६ स्त्रियांवरील आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ध्रुवपेशी तपासल्या काय आणि न तपासल्या काय, वर्षभरात मूल होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे २४ टक्केच राहिले. तपासलेल्या गटात गर्भपात कमी झाले आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या खेपाही कमी लागल्या. ज्या बाईने गर्भपात सोसला आहे, तिच्यासाठी हा फरक लहान नाही; पण ‘यश वाढते’ असे त्यावरून लिहिता येणार नाही.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. नवऱ्याकडून येणारा आजार यातून कळतो का? आणि मुलगा की मुलगी, हे कळेल असे कोणी समजले तर?

उत्तर : दोन्ही कळत नाही. ध्रुवपेशीत फक्त आईचा वाटा असतो. वडिलांकडून येणारा दोष पाहायचा, तर साधारण पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातील, म्हणजे पुढे वार होणाऱ्या भागातील, काही पेशी घ्याव्या लागतात. लिंगाचे म्हणाल, तर प्रत्येक स्त्रीबीजात एक्स गुणसूत्रच असते आणि मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरते, त्यामुळे ध्रुवपेशीतून ते समजणे शक्यच नाही. शिवाय गर्भधारणेपूर्वीही लिंगनिवड करण्यास आपल्या कायद्याने बंदी आहे, हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापावे. पहिल्या उल्लेखासाठी असे वाक्य सुचवतो : “ध्रुवपेशी (पोलर बॉडी) म्हणजे स्त्रीबीज तयार होताना त्यातून बाहेर पडणारी छोटी पेशी, ती गर्भ नसते आणि ती काढून घेतली तरी गर्भातला कोणताही भाग कमी होत नाही.”