जुनी स्पोर्ट्‌स कार : इंजिन बघू की किलोमीटर?

प्रेषक : टिळकवाडीकर, बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात कायमचा बेळगावला परततोय. इथली गाडी नेता येणार नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करू देत नाहीत, आणि माझी चांगली नऊ वर्षांची आहे. म्हणून तिकडचीच जुनी टू-सीटर घ्यायची म्हणतो. पुण्यात २०१४ची पोर्शे बॉक्स्टर आहे, २.७ लिटर, बिनटर्बो, ५८,००० किमी. बंगळूरला २०१३ची बीएमडब्ल्यू झेडफोर ३५आय, तीन लिटर ट्विन टर्बो, फक्त १७,००० किमी. मन झेडफोरवर बसलंय, जवळजवळ नवीच की! वापर म्हणाल तर रविवारी चोर्ला घाटातून गोवा, एवढाच.

---

प्रेषक : उद्यमबागेतले काका, टोरांटो

अरे बाबा, १७,००० ला भुलू नकोस. वर्षाला दीड हजारसुद्धा पडत नाही. उरलेला वेळ ती काय करत होती? उभी होती.

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंड करण्यात गेलं. रोज चालणाऱ्या इंजिनाचा जर्नल, म्हणजे त्या दांड्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, झिजतो, पण सारखा झिजतो, हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. उभ्या राहिलेल्या इंजिनाचा खोलून बघ : तेल निथळून गेलेलं, दमट हवेनं बारीक बारीक खड्डे पडलेले, नखाला अडकतात. मीटर ते दाखवत नाही.

आता तुझी दोन इंजिनं. झेडफोरमधलं एन५४ नावाचं. ताकद लई, ३०६ हॉर्सपॉवर. पण हाय-प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर ही त्याची जगजाहीर दुखणी. त्यात आता आपल्याकडं पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतंय. अथणी-चिक्कोडीच्या उसाचंच इथेनॉल ते, शेतकऱ्याला बरं. पण त्या काळच्या गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबानं बनलेल्या. इथेनॉल ओल शोषतं. पावसाळाभर टाकी भरून गाडी उभी ठेवलीस तर पंप-इंजेक्टरनाच भोवतं. बॉक्स्टरलाही हाच त्रास, नाही कोण म्हणतंय? पण तिथं टर्बो, त्याचे तेलाचे पाइप, वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) खडखड हे लचांड तरी नाही. शिवाय घाटात पाय दाबला की लगेच उत्तर देतं ते इंजिन.

पोर्शे म्हटलं की कोणीतरी आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं की इंजिन गेलं) भीती घालणारच. ते २००८पर्यंतच्या बॉक्स्टरना. २००९पासून इंजिनच बदललं, त्यात ते बेअरिंग नाही. २०१४ला त्याची काळजी नको.

---

प्रेषक : शहापूरकर, दुबई

काकांशी अर्धा सहमत. पण कागदांचं काय? बंगळूरची गाडी केएचीच, फक्त पत्ता बदलून केए-२२ च्या, म्हणजे बेळगावच्या, आरटीओत नोंद करायची. पुण्याहून आणली तर एनओसी, पुन्हा नोंदणी आणि कर्नाटकाचा आजीवन कर. नव्या गाडीला वीस लाखांवर १८ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण रक्कम लहान नाही. महाराष्ट्राकडून परतावा मागता येतो, त्याच्या फेऱ्या कोण मारणार? एमएच पाटीवर वर्षभर फिरता येतं, पुढं नाही. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या एमएच-०९ आहेत ते सोडा, पोलीस तुमच्या लाल गाडीलाच थांबवणार.

---

प्रेषक : उद्यमबागेतले काका, टोरांटो

कराचं बरोबर. तो हिशेब पुण्याच्या मालकासमोर ठेव आणि भावातून उतरवून घे. झेडफोरचा एक पंप, सहा इंजेक्टर बदलायला लागले तर कर बरा म्हणशील.

पण माझ्या शब्दावर गाडी घेऊ नकोस. बॉक्स्टरच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिन किती तास चाललं ते नोंदलेलं असतं. स्कॅनरवर ते काढून घे आणि किलोमीटरला तासांनी भाग. समजा २,००० तास निघाले, म्हणजे ताशी २९ किमी. पुण्याच्या ट्रॅफिकला पटतं. ताशी १२ निघाले तर मीटर फिरवलंय असं समज. त्याच स्कॅनवर ओव्हर-रेव्हच्या नोंदीही दिसतात, म्हणजे कुणी इंजिन पिळलंय का ते कळतं. झेडफोर बघायला गेलास तर किल्ली वाचायला सांग, बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटर राहतात. ते आणि डॅशवरचे जुळायला हवेत.

टायरच्या कडेचे चार आकडे बघ. ३४१४ म्हणजे २०१४चा चौतिसावा आठवडा. १७,००० किमीच्या गाडीवर मूळचेच टायर असतील, नक्षी शाबूत आणि रबर लाकूड झालेलं. त्यावर चोर्ल्यात पावसात वळण घेणार?

आणि टप उघडून पाण्याच्या मोऱ्या बघ. पाला साचला की पाणी आत उतरतं. खानापूर बाजूचा पाऊस तुला माहीत आहेच.

---

प्रेषक : टिळकवाडीकर, बर्मिंगहॅम

काका, पुण्याच्या मालकाला तासांचा स्कॅन मागितला. लगेच "करून देतो" म्हणाला, सर्व्हिसची बिलंही पाठवली. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं दिसतंय. बंगळूरचा एजंट म्हणतो, "साहेब, एवढ्या कमी चाललेल्या गाडीला स्कॅन कशाला?" त्याला बिलं मागितली, अजून आलेली नाहीत. भाऊ शनिवारी पुण्याला जातोय, मेकॅनिकला घेऊनच.

शहापूरकर, बॉक्स्टर निळी आहे.