मदत हवी आहे: 'डायबेटीस मुळापासून घालवा'वाल्या पावडरीची तक्रार नक्की कुठे करायची?

वैतागलेला_नाशिककर:
लोकहो, जरा लवकर सांगा. बाबांनी फेसबुकवर जाहिरात बघून शुगरची पावडर मागवली. पांढरा कोट घातलेला एक माणूस त्यात सांगतो की ९० दिवसांत डायबेटीस मुळापासून जातो, गोळ्या कायमच्या सुटतात. डबे संपले, शुगर उलट वाढलीये. कस्टमर केअरवाली म्हणते कोर्स अर्धवट सोडू नका, अजून ३ डबे घ्या. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन केला तर तेच मला प्रश्न विचारत बसले. असली जाहिरात चालू कशी राहते? कुठे तक्रार करायची तेवढं सांगा, कायद्याची लेक्चरं नकोत.

ठमाकाकू:
अहो पण बाबांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात का? ते आधी सांगा, तक्रार उद्या केली तरी चालेल.

माजी_एमआर:
डब्यावर लायसन्स कुठलं आहे? एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांचा १४ आकडी नंबर की आयुषचं, म्हणजे आयुर्वेदिक औषधाचं? सगळं त्यावर ठरतं. औषध म्हणून विकत असतील तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा लागतो, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत आणि डायबेटीस त्यात आहे. बरा करतो अशी नुसती जाहिरात केली तरी गुन्हा, पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मेथीवाला_अण्णा:
पावडरी कशाला मागवता? रात्री मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी उपाशीपोटी पाण्यासकट खायच्या. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना मीच सांगितलंय.

ठमाकाकू:
अण्णा, तुमची पण तक्रार करावी लागेल आता 😀

वैतागलेला_नाशिककर:
गोळ्या मध्ये थांबवल्या होत्या, आता परत चालू आहेत, डॉक्टरांना दाखवलंय. आणि लायसन्सचं काय घेऊन बसलात, आयुर्वेदिकच आहे, डब्यावर पानं-मुळ्यांचं मोठं चित्र आहे.

माजी_एमआर:
चित्र सोडा. डबा फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

कोथरूडचा_बाप्या:
कशाला एवढी उठाठेव, ॲस्कीला व्हॉट्सॲप करा, फुकट असतं. माझ्या एका तक्रारीवर जाहिरात मागे घ्यायला लावली होती त्यांनी.

ग्राहक_राजा:
बाप्या, ॲस्की म्हणजे जाहिरातवाल्यांनीच १९८५ साली स्थापन केलेली संस्था. दाव्याला पुरावा मागतात, नाही दिला तर जाहिरात बदला किंवा काढा म्हणतात. मोठी कंपनी ऐकते कारण तिला नावाची काळजी असते, फेसबुकवरचा उपटसुंभ कशाला ऐकतोय? दंड करायचा अधिकार त्यांना नाहीच. तो सीसीपीएला आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय जाहिरातीत झळकणाऱ्या सेलिब्रिटीवर वर्षभर बंदी घालू शकतात.

कोथरूडचा_बाप्या:
घालू शकतात हो. घातली का कधी? कागदावर सगळंच असतं.

ग्राहक_राजा:
बंदीचं सोडा, दंड तरी होतात. २०२२ मध्ये सेन्सोडाइनला १० लाख लावले, जगभरातले डेंटिस्ट शिफारस करतात आणि जगात नंबर एक या दाव्यांवरून. कोचिंग क्लासवाल्यांना तर बऱ्याच जणांना लावलेत.

पुणेरी_लंडनकर:
इकडची जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था एएसए दर बुधवारी निकाल वेबसाइटवर टाकते, कंपनीच्या नावासकट. म्हणजे इथेही दंड ते करत नाहीतच, पण नाव जाहीर झालं की…

ठमाकाकू:
लंडनचं राहू दे हो, यांचा डबा नाशकात आहे.

वैतागलेला_नाशिककर:
वाचलं. एफएसएसएआयचा नंबर आहे, हेल्थ सप्लिमेंट लिहिलंय आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'!! जाहिरातीत डायबेटीस घालवतायत आणि डब्यावर हे??

माजी_एमआर:
बघा, म्हणून विचारत होतो. सप्लिमेंटवर ते वाक्य छापावंच लागतं आणि ते छापलं म्हणून जाहिरातीत वाट्टेल ते बोलायची मुभा मिळत नाही. सीसीपीएच्या २०२२ च्या नियमांत स्पष्ट आहे, खोटा दावा खालच्या बारीक टिपेने सावरता येत नाही. डब्याचा आणि जाहिरातीचा फोटो शेजारी शेजारी लावा, तोच पुरावा. आणि आता एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे द्या, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. १४ आकडी नंबर म्हणजे धंद्याची नोंद फक्त, दावा कोणी तपासून पास केलाय असा अर्थ होत नाही.

भटका_विद्रोही:
आयुर्वेदिक औषध असतं तर अजून गंमत. जाहिरातीआधी राज्याची मंजुरी घ्या असा नियम १७० २०१८ ला आणला, २०२४ च्या जुलैत केंद्रानेच काढून टाकला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या काढण्याला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी ती केसच बंद. पतंजलीला पेपरात माफीनामा छापायला लागला तेव्हा कोर्टाने विचारलं होतं, तुमच्या जाहिराती असतात तेवढ्याच आकाराचा आहे का म्हणून!

मेथीवाला_अण्णा:
आयुर्वेदालाच का झोडपता? ॲलोपॅथीवाले काय कमी लुटतात?

भटका_विद्रोही:
झाली सुरुवात. अण्णा, इथे पावडरीचं चाललंय. आणि टीव्हीवर यंत्र, ताईत विकतात त्यांचं काय, २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्या जाहिराती आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात असं म्हटलं, तरी रात्री टीव्ही लावून बघा.

वैतागलेला_नाशिककर:
अहो थांबा. मला पैसे पण परत हवेत. सीसीपीए देणार का?

ग्राहक_राजा:
हे आधी बोलला असतात तर! सीसीपीए आणि एफडीए जाहिरात बंद करतील, दंड करतील, तो दंड सरकारजमा. तुमच्या पैशासाठी १९१५ वर रीतसर तक्रार नोंदवा, ते कंपनीकडे पाठवतात. नाही मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोग.

कोथरूडचा_बाप्या:
कंपनी दिल्लीकडची असणार. दिल्लीला चकरा मारणार का हे?

ग्राहक_राजा:
नाही हो, २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. पण बिल लागेल. आहे का? पैसे कसे दिले होते?

वैतागलेला_नाशिककर:
कॅश ऑन डिलिव्हरी. बिल… खोक्यात होतं बहुतेक. खोकं आईने रद्दीत घातलं का बघतो.

माजी_एमआर:
आधी मेटाच्या ॲड लायब्ररीत त्यांच्या पेजचं नाव टाका आणि चालू असलेल्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. तक्रारीचा वास लागला की उडवतात.

वैतागलेला_नाशिककर:
बापरे, एकाच पेजवर शुगर, गुडघे आणि टक्कल! तोच कोटवाला माणूस, फक्त नाव वेगळं. काढतोय सगळे. खोकं सापडलं, त्यावर कुरिअरची चिठ्ठी आहे, पाठवणाऱ्याचं नाव डब्यावरच्या कंपनीपेक्षा वेगळंच आहे. आता तक्रार कोणाच्या नावाने करू?

ग्राहक_राजा:
दोघांच्या. पेजचं नाव पण घाला.

टकलू_हैवान:
त्या टक्कलवाल्या तेलाची लिंक मिळेल का? उत्सुकता म्हणून विचारतोय.