मदत हवी आहे (इंदूर): गुदाशयाच्या कर्करोगाचे ब्लॉक (मेणात बसवलेले काढलेल्या भागाचे तुकडे) पुन्हा वाचून घ्यायचे आहेत

नमस्कार मंडळी. रुग्ण 54 वर्षांचे, गाठ गुदद्वारापासून 6 सेंटिमीटरवर. आधी किरणोपचार, 28 बैठकांत 50.4 ग्रे, सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. आठ आठवड्यांनी शस्त्रक्रिया. आता अडचण रिपोर्टची आहे.

त्यात ‘कडा मोकळ्या’ (कापलेल्या भागाच्या कडेवर कर्करोग नाही) एवढंच लिहिलंय. कुठली कडा? आतड्याची वरची-खालची टोकं मोकळी असून भागत नाही. बाजूची, म्हणजे परिघाची कडा गाठीपासून किती मिलिमीटरवर आहे ते हवं. 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ती बाधित धरतात, आणि रोग तिथेच उलटण्याचा धोका वाढतो. मेसोरेक्टमचं (गुदाशयाभोवतीच्या चरबीचं) आवरण अखंड आहे की फाटलंय, तेही लिहिलेलं नाही. लसीकाग्रंथी 9 सापडल्या, सगळ्या कोऱ्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या. साधारण 12 तरी तपासाव्यात असा संकेत आहे. किरणोपचारानंतर त्या कमी सापडतात हे खरं, पण चरबीत पुन्हा शोधायला हव्यात.

कोणी सांगेल का:
इंदुरात पोटाच्या कर्करोगांचे ब्लॉक नेहमी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट कोण? एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची तपासणी इथेच होते की ब्लॉक बाहेर जातात? परळच्या टाटा रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही न्यावे लागतात का, रुग्णाला सोबत नेणं गरजेचं आहे का? अवंतिका एक्सप्रेसने एकटाच नातेवाईक जाऊन काम होत असेल तर फार बरं. पुढची केमो याच निकालांवर ठरायची आहे, म्हणून जरा घाई आहे.